किल्ली

हॉलची किल्ली माझ्याकडे असते.
सोमवारी जळमटं काढायची, नळ गोठले नाहीत ना बघायचं,
कुणी पाहुणे आले तर दारावरचा
दगडातला हात दाखवायचा, हातोडा धरलेला.
कोणी कोरला, विचारतात.
ग्रॅनाइटच्या कारागिरांनी, कामावरून सुटल्यावर, बिनपगारी.
नाव एकाचंही नाही.
दिवसभर दुसऱ्यांच्या थडग्यांवर नावं कोरून
वीट आला असेल.

त्या फेब्रुवारीत
दूरच्या गिरणीगावातला संप लांबत गेला,
चुली थंडावल्या, तेव्हा तिथल्या आयांनी
पोरं आगगाडीत बसवून दिली,
एकेकाच्या कोटाला चिठ्ठी टाचून.
एकतीस पोरं उभी राहिली या फरशीवर.
लोकर विणणाऱ्यांची पोरं,
अंगात लोकरीचा धागा नाही.

आजोबा, ओतोरिनो, उशिरा पोचले,
शेडमधून तसेच, भुवयांवर पांढरी भुकटी.
एकच उरली होती: ओनुते, वय सात,
चिठ्ठीवर तळहात दाबून.
तिची भाषा यांना येईना, यांची तिला.
त्यांनी गुडघे टेकले,
खिशातून पुतळ्यांची मापं घ्यायचा कंपास काढला
आणि तिचं पाऊल मोजलं. मग दुसरंही.
दोन पावलं कधी सारखी नसतात, म्हणाले,
मी देवदूतांचीसुद्धा सारखी करत नाही.

खाली बेकरीशेजारी बर्नाबो जोडे शिवायचा.
पैशांचं संपानंतर बघू, म्हणाला.
कुणाच्या संपानंतर, ते कुणी विचारलं नाही.

टाकीचे घाव सोसून दगडाला देवपण येतं म्हणे.
घाव घालणाऱ्याला काय येतं
ते आजीनं उशीवर पाहिलं.
आधी राखाडी, नंतर तांबूस.
एक्केचाळिसावं सरलं नाही त्यांचं.

कंपास इथेच आहे, काचेच्या कपाटात.
स्क्रू गंजलाय, होता तेवढाच उघडा अडकलाय.
ते अंतर ओनुतेच्या पावलाचं, असं सांगितलं
तर पाहुण्यांचे डोळे भरून येतील.
पण नंतर नऊ वर्षं ते त्याच कंपासाने राबले.
कुणा बँकवाल्याच्या थडग्यावरच्या
द्राक्षाच्या पानाचं माप असेल ते.

तरी शाळेची सहल आली की
एखाद्या पोराला मी बूट काढायला लावते,
कंपास फरशीवर ठेवते.
बहुतेकदा जुळत नाही.
पोरं हसतात, मोजे ओढत निघून जातात.

मग दिवे घालवते, दार ओढून घेते.
थंडीत कुलूप अडतं.
तोंडाजवळ नेऊन दोन-तीन फुंकरा माराव्या लागतात.
मग फिरतं.