डावीकडची बोली

हर्णैला सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं.
दापोलीहून येताना मशीन मी मागच्या सीटवर
पट्टा लावून बसवलं होतं, पोरासारखं.
खिडक्यांवर काळे कागद, आत सुक्या बोंबलांचा वास,
बाहेर एकशे चौदा माणसं
आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: मोतीबिंदू असंल.

हसुराम चोगल्यांची तक्रार होती,
जाळं सांधताना सुईत दोरा जात नाही.
जवळचा चष्मा दिला, सुटले.
द्वारकाबाई नुसत्या सोबत आलेल्या,
पाटी दाराशी ठेवून, कान लिलावाकडे.
मना काय झालंय, म्हणाल्या,
लांबची होडी नावासकट ओळखते.
खरंच ओळखली, काळा कागद बाजूला सारून,
सुवर्णदुर्गाच्या पलीकडची.

म्हटलं, आलाच आहात तर बसा.
डोळ्यावर हवेची फुंकर बसली. दचकल्या, हसल्या.
आकडा एकतीस.
पुन्हा घेतला. तीस.

मग पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून,
हातात बटण.
नजर मधल्या ठिपक्यावर,
कुठंही उजेड लुकलुकला की दाबायचं.
उजवीकडे भराभर दाबत होत्या, कोळंबी सोलावी तशा.
डावीकडे दिवे लागले, विझले,
लागले, विझले.
बटण गप्प.
वाडग्यातूनच त्यांनी विचारलं,
बाय, मशीन बंद पडलं काय?

काचबिंदू, मी म्हटलं.
पण काळं कुठं दिसत नाही मना.
नाहीच दिसणार.
फाटल्या जागी मेंदू शेजारचाच रंग भरतो,
पाणी असलं तर पाणी, वाळू असली तर वाळू.
तिथं कोणी उभं असेल
तर ते माणूस तेवढं भरता येत नाही त्याला.

बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग दोन वर्षं मागं जात एकेक काढू लागल्या:
पायात आलेल्या टोपल्या,
डावीकडून चढलेली बोली, कानावर आली
पण कोणाची ते न कळलेली,
आणि गुलाब पावसे.
जेट्टीवर हात करायची म्हणे, मी वळायची नाही.
माज आलाय मना, असं सांगत फिरली गावभर.
तवापासून बोलणं नाही.

थेंब किती दिवस?
कायमचे, रोज रात्री.
गेलेलं येईल?
मी काही बोलायच्या आत त्यांनीच खिडकीकडे बोट केलं,
बंधाऱ्याच्या काळ्या दगडांकडे.
तिथं सुरूची रांग होती, म्हणाल्या, वाळत घालायची जागा होती.
बंधारा घातला तवा निम्मी गेली होती.
उरलीय ती मात्र आहे अजून.

संध्याकाळी वहीत लिहिलं: काचबिंदू तीन.
तिघांपैकी एकाचीही तक्रार नव्हती.
खाली ओळ मोकळी सोडली,
घरून न आलेल्यांसाठी असा रकाना
छापील वहीत नसतो.

मशीन गाडीत ठेवलं, पट्टा लावला.
किनाऱ्यावर लिलाव ऐन भरात.
गर्दीतून द्वारकाबाई येताना दिसल्या,
अख्खी मान डावीकडे वळवून चालत,
आणि त्या हाताला मनगट धरून ओढत आणलेली
एक रागावलेली बाई.
हिचं पण बघ, म्हणाल्या. हिलाही काय होत नाही.

मी पट्टा सोडला.