एकविसाव्या दिवशी, खारघरच्या डोंगरावर

वणवा कुणी लावला, कळलं नाही.
आमची तीनशे रोपं, देणगीदारांच्या पाट्यांसकट,
एका रात्रीत गेली. ठिबकच्या नळ्या
वितळून कातळाला चिकटल्यात.

आज चढलो. बुटांखाली कुसळीची राख.
चांगुणा पारधी आधीच तिथे,
विळ्याच्या टोकानं कुड्याचं खोड खरवडत:
"ह्यो मेला नाय. खाली हाय."

खाली, जळक्या बुंध्याला बिलगून
तांबूस, बोटभर, थेंबभर पाण्याशिवाय
तीन धुमारे.
धायटीला पाच.
कुंभ्याची तर सालच तेवढी काळवंडलेली.

घाणेरीही फुटली होती,
सगळ्यांच्या आधी, निर्लज्ज हिरवी.
चांगुणा तिच्याकडे बघून थुंकली.

वहीत मी "सर्व नष्ट" लिहिलं होतं.
"सर्व" खोडलं.
वर लिहिलं: आमचं.