निवांत स्नायूचा आवाज

आधी तुमचे पाय गरम करतो, दोना झुल्मिरा.
घाबरू नका, नियमच आहे तसा.
गार पायात नसा रेंगाळतात,
आणि रेंगाळणं कागदावर आजारासारखं दिसतं.
पोर्तोच्या फेब्रुवारीत, किनाऱ्यावरून बसने आलेल्या पावलांवर
मी ऊन टॉवेल गुंडाळतो, वीस मिनिटं थांबतो.
(वीस मिनिटं मीही आशा धरून बसतो,
हे मात्र नियमात नाही.)

ती मुकाट बसते. हात रिकामे असायची सवय नाही,
बोटं मांडीवर एकमेकींवरून उड्या मारतात.
व्हिला दो कोंदला, गिरदीवर टाचण्या रोवून
सत्तेचाळीस वर्षं लेस विणलेली बोटं.
"चाळीस फिरक्या एका वेळी," ती सांगते,
"मोजायच्या नसतात. मोजल्या की चुकतात."

मी मात्र मोजतो.
घोट्यापासून पोटरीपर्यंत टेप लावतो,
कातडीवर निळ्या शाईचे ठिपके काढतो.
ती वाकून पाहते: "आमचा पुठ्ठाही असाच टोचलेला असतो.
ठिपके आधी. नक्षी मागाहून."

विजेची पहिली टिचकी.
अंगठा उडायला हवा; उडतो, जेमतेम,
झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा.
बाहेरच्या घोट्यामागची नस: सरळ रेघ.
वीज वाढवतो. सरळ रेघ.
वायर तपासतो, चकती काढून पुन्हा चिकटवतो,
दोष यंत्राचा निघावा म्हणून
जे जे करता येतं ते सगळं करतो.
सरळ रेघ.

"कळलं का काही?"
"डॉक्टर आबिलिओ सांगतील."
ताकास तूर लागू द्यायची नाही, ही नोकरीतली पहिली अट.
ती हसते. "माझी आईही अशीच विषय टाळायची.
कोळ्यांच्या घरातली. ऑगस्टच्या तापल्या वाळूवर
सगळ्यांच्या पुढे अनवाणी चालायची,
आम्हाला वाटायचं, केवढी धीट!
मग एका रात्री तिच्या तळव्याला निखारा चिकटलेला,
आणि ती सार्डिन साफ करत होती, गुणगुणत."

किनाऱ्यावर याला पावलांचा आजार म्हणतात.
नाव लाडाचं, तान्ह्याच्या पावलांना ठेवावं तसं.
काही घराण्यांच्या पाचवीलाच पुजलेला.

मग सुई.
नडगीशेजारच्या मांसात, केसाएवढी.
"टाचणीच की," म्हणून ती डोळे मिटते.
पाय सैल सोडा. अगदी सैल.
निवांत स्नायू गप्प असतो.
निरोगी पायात सुई ठेवली की खोलीत
फक्त यंत्राच्या पंख्याची घरघर उरते,
आणि ती शांतता, खरं सांगतो,
अठरा वर्षं ऐकूनही मला शिळी झालेली नाही.

स्पीकर बोलू लागतो.
टक्. टक टक. टक्.
बारीक, कोरडं, लाकडावर लाकूड.
नसेने सोडून दिलेले धागे
आपले आपणच थरथरतात,
कुणी हाक मारलेली नसताना ओ देतात.

ती डोळे उघडते.
"अहो, या तर फिरक्या!"
आणि जरा वेळाने, हळू:
"पण मी तर पाय सैल सोडलाय.
आत कोण विणतंय?"

आवाज बारीक करायला हवा होता.
मी केला नाही.
आम्ही दोघं ऐकत राहिलो,
ती कारागिरासारखी, मान जराशी कलती करून.

ठिपके पुसायला स्पिरिटचा बोळा घेतला
तर तिने पाय मागे ओढला. "राहू देत. घरी जाऊन पाहीन."
मोजे चढवताना, माझ्याकडे न बघता:
"माझ्या इदालिनाला अठ्ठाविसावं लागलंय.
तिचे पाय नेहमीच गार असतात."

मी म्हटलं, गार पायांचं काय, कुणाचेही असतात.
नुसती थंडी असू शकते.
आधी गरम करून बघावे लागतात.

ती गेली, कठड्याला धरून, एकेक पायरी बघत.
टॉवेल अजून कोमट आहेत.
मी घडी घालतो, मोडतो,
पुन्हा घालतो.