आरपार

तार्तू, जानेवारी. खोलीतले दिवे मालवून
त्रीन म्हणाली, दाबणार नाही, दुखणार नाही,
नुसता उजेड आरपार जाईल.

माइमू हसली.
सव्वीस वर्षं कुक्कुटशाळेत
बल्बसमोर अंडी धरली तिनं, एकेक.
रक्ताचा ठिपका दिसला
की उजवीकडच्या टोपलीत.
हात चुकला नाही कधी.

आता तिच्याच कातडीतून
तांबूस प्रकाश पाझरतोय,
रक्त दाटलं असेल तिथं अडतो म्हणे.
पडदा त्रीनकडे वळलेला,
म्हणून माइमू तिचा हात बघते,
माउसवर थबकलेला.

"कुठल्या टोपलीत?"

त्रीनला कळत नाही.
श्वास सोडा, ती म्हणते,
पुन्हा एकदा घेऊ,
जरा डावीकडून.