हातचा

मंगळवार आणि गुरुवार शाळेचे.
बाकीचे तीन माझे,
म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाचे,
ज्याच्या एका पायाखाली
ट्रॅक्टरच्या जुन्या मॅन्युअलची घडी आहे.

शाळा एकेचाळीस मैलांवर,
लुथरन चर्चच्या तळघरात.
मोन्टानात एवढं अंतर म्हणजे शेजारच.
मार्लिस गाडीत पाढे म्हणते,
मी कुंपणाचे खांब मोजतो.
दोघंही अधूनमधून चुकतो
आणि एकमेकांना सांगत नाही.

गुरुवारी संध्याकाळी निळं फोल्डर घरी येतं.
वर मिसेस टोर्गर्सनचं अक्षर,
हिरव्या शाईचं, ताठ:
'शुक्रवार. पान बावन्न. अपूर्णांकांचा भागाकार.
उत्तर लगेच सांगू नका, मि. लिंडक्विस्ट.
थोडं हातचं राखून ठेवा.'

बाई,
राखायला आधी हाती काही असावं लागतं.
मी शाळा सोडली पंधराव्या वर्षी,
वडलांचा खुबा मोडला त्या मार्चमध्ये.
भागाकार तेव्हाही चालूच होता:
मेंढ्या तीन भावांत,
हिवाळा एकट्यावर.

शुक्रवार.
धाकटा डेल चमच्यानं टेबल बडवतोय.
मार्लिस विचारते,
'दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?'
मी म्हणतो, 'तसंच करतात.'
ती माझ्याकडे बघते,
रिकामी बादली हलवून बोलावल्यावर
मेंढी बघते तशी.

ते बघणं मला रात्रभर पुरलं.

दोन वाजता गोठ्यात
आई नसलेली कोकरं माझ्या बुटांना ढुशा देत होती.
कॅनमध्ये पाऊण गॅलन दूध.
बाटलीत मावतो गॅलनचा आठवा हिस्सा.
भरत गेलो. सहा भरल्या. कॅन संपला.
दहा वर्षं रोज रात्री हेच केलं असेल,
पण काल रात्री थांबलो,
टॉर्च तोंडात धरून खाद्याच्या पोत्यावर खडूनं लिहिलं:
अख्ख्या गॅलनच्या बाटल्या आठ.
मग पाऊण गॅलनच्या, आठाच्या पाऊणपट.
आठ खाली होता.
आता तो वर येऊन बसला होता,
आणि त्याला कुणी ढकललं नव्हतं.

मी मोठ्यानं हसलो.
एका कोकरानं दूध सोडून माझ्याकडे पाहिलं.

पळत घरी जावं, तिला उठवावं,
सगळं एका दमात सांगावं.
दारापर्यंत गेलो.
तिथे हिरवी शाई आठवली.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे
राखून ठेवण्यासारखं काही होतं.

शनिवार कुणाचाच नव्हता.
टेबलावर धुतलेल्या सहा बाटल्या मांडल्या,
शेजारी कॅन, त्यात खुणेपर्यंत पाणी,
आणि कॉफी घेऊन खिडकीशी उभा राहिलो.
ती अनवाणी आली. काही विचारलं नाही.
एक भरली, दुसरी भरली.
तिसरी डेलच्या चमच्यानं आडवी केली,
मॅन्युअलची घडीसुद्धा भिजली.
ती म्हणाली, 'आता पाच आणि एक डबकं.'
मग तिचे ओठ हलायला लागले.
मी जीभ दातांखाली धरली.
कॉफी गार झाली.
तिला कळलं की नाही, मी विचारलं नाही.
तिनं कॅन उचलून बुडाकडून पाहिला,
एवढंच मी पाहिलं.

फोल्डरमध्ये लिहिलं:
'पान बावन्न झालं नाही. बाटल्या झाल्या.
एक सांडली.'
खाडाखोड तीनदा.
स्पेलिंग मार्लिसनं सुधारलं,
पेन्सिलीनं, हळूच, मला न दुखावता.

मंगळवारी चर्चच्या दाराशी उतरताना
ती परत खिडकीपाशी आली.
'ओटिसला अजून येत नाही,' म्हणाली.
'मी त्याला लगेच सांगणार नाहीये.'
आणि जिना उतरून गेली.

हायवेला लागल्यावर लक्षात आलं,
सीटवर तिचा हातमोजा राहिलाय.
एकच.
तो मी हीटरच्या जाळीवर ठेवला,
मनात म्हटलं, हातचा एक,
आणि खांब मोजायला लागलो.