समोरचा फोटो

उल्हास गायधनी पहिल्यांदा आला तेव्हा
दहीपुलावरच्या माझ्या स्टुडिओत पडदा निळा होता.
"समोरून एक, डावीकडून एक, एक हसताना," म्हणाला.
शर्ट मित्राचा, बाह्या आत दुमडलेल्या.
सातपूरला पहिल्या पाळीत बोल्ट मोजायचा,
संध्याकाळी कामगार कल्याणच्या नाटकात बादशहा.
दाढी स्वतःची.

हसतानाचा नीट आला नाही.
समोरचा आला. सरळ, गंभीर,
जणू कोणीतरी नाव विचारलंय
आणि आता तो सांगणार आहे.
पन्नास प्रती. पैसे तीन हप्त्यांत.

मग पहाटे पंचवटी एक्स्प्रेस, रात्री तिनंच परत.
रविवारी येऊन सांगायचा, या आठवड्यात कोण झालो:
हवालदार. मागच्या बाकावरचा वकील.
डॉक्टर तर चार मालिकांत,
चार वेगळ्या मेलेल्यांसाठी तेच वाक्य,
"आम्ही शक्य ते सगळं केलं," आणि एप्रनही तोच.
एका सिनेमात प्रेत. नाकात कापूस,
जेवणाच्या सुट्टीत त्याला उठवायलाच विसरले.
हे सांगताना इतका हसला
की मी कॅमेरा शोधू लागलो.

पुढे एका मालिकेत वडील.
अकरा दिवसांचं काम, बाराव्या दिवशी गाडी दरीत.
भिंतीवर लावायला त्यांनी फोटो मागितला,
यानं पाकिटातून माझा काढून दिला.

साडेतीन वर्षं ती भिंत टीव्हीवर होती.
चंदनाचा हार, खाली लाल बल्ब.
धाकटी सून घर सोडताना त्याच्याकडे बघायची,
थोरला मुलगा खोटी सही करताना.
संगीत चढायचं, कॅमेरा जवळ, अजून जवळ,
जिवंतपणी कधी गेला नव्हता इतका जवळ.
पैसे? उल्हासनं विचारलं होतं.
"टांगलेल्या माणसाचा दिवस कसा धरायचा?" म्हणाले.

त्याची आई साडेसातला टीव्हीकडे पाठ करून
गवार निवडत बसायची.
शेजारीण सांगायची,
"आज बराच वेळ दाखवला हो तुमच्या उल्हासला."
ती विचारायची, "हार काढला का?"

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात
एक बाई त्याला बघून थबकली. पिशवी खाली ठेवली.
"अहो, तुम्ही तर..."
पुढचं बोलणं तिला बरं वाटेना.
यानंच सोडवलं. "हो, तोच मी.
सुनेवर लक्ष आहे माझं."
बाईनं मेथीच्या जुडीसकट हात जोडले.

काल हे सांगितलं त्यानं, पासपोर्ट साइज काढायला आला तेव्हा.
कामगार कल्याणच्या पोरांना आता तो शिकवणार, ओळखपत्र हवंय.
पडदा आता पांढरा, कॅमेऱ्यात रीळ नाही,
केस त्याचेही गेलेत, माझेही.
मी म्हटलं, मान सरळ, हनुवटी खाली, हसायचं नाही.
"हसू दे की रे," म्हणाला,
"गंभीर दिसलो की लोक हार आणतात."

हसतानाचा याही वेळी नीट आला नाही.
मान हललीये, एक डोळा अर्धा मिटलाय.
तोच दिला.