खिसा कुठल्या बाजूला

पद्मलसाठी एप्रन शिवायचा होता.
जुन्या पेपरावर खडूनं तीन चित्रं काढून
मी दुपारपासून त्यांच्याकडं बघत बसले होते.

पहिला, गळ्यात पट्टी अन् कमरेला नाड्या,
हॉटेलातली पोरं घालतात तसला.
दुसरा, पाठीवर फुली मारणारा,
डोक्यातून घातला की झालं, गाठच नाही.
तिसरा नुसता कमरेचा, झालरवाला.
तो उगाच काढला, हात मोकळा होता म्हणून.

कापड इचलकरंजीचं, जाड ड्रिल, विटकरी,
चटणीचा डाग पोटात घेईल असं.
दोनदा पाण्यातून काढून वाळवलं,
नंतर आटलं म्हणून तिनं ऐकवायला नको.

विचारायला फोन होता.
पण काय विचारू?
तुझ्या डाव्या हाताला आता काय काय जमत नाही,
असं विचारतात का कुणाला?
संक्रांतीनंतर आठवड्यात तिला झटका आला.
दवाखान्यात मी तिचे केस विंचरले,
तेव्हाही त्या हातावरचं पांघरूण
तिनं सरकू दिलं नाही.

म्हणून दुकानाला आतून कडी लावली.
पापाच्या तिकटीचा गोंगाट बाहेर ठेवला,
ओढणीनं माझाच डावा हात पोटाशी आवळला
आणि जुन्या चादरीचे, कच्च्या टाक्यांचे
दोन नमुने घालून बघितले.

नाड्यांचा हरला.
एक टोक सापडेस्तोवर दुसरं पसार.
भिंतीला पाठ लावली, टेबलाच्या कडेला दाबून धरलं,
कुडता भिजला, गाठ काही बसली नाही.
फुलीवाला मात्र सुरकन उतरला अंगावर.
ठरलं, म्हटलं.
स्वतःच्या नजरेत मी फार शहाणी झाले.

रात्री राजारामपुरीत तिच्या गाड्यावर गेले.
सन्मती तव्यावर पीठ फिरवत होता,
ती उजव्या हातानं डोशावर लोणी सोडत होती.
नमुना उलटून-पालटून बघितला तिनं.
"नाड्या कुठं हायत गं?"

सगळं सांगितलं. कडी, ओढणी, भिंत.
ती हसायला लागली.
तोंड अर्धंच हसतं आता, पण हसू तेच, शाळेतलं.
"मग ओढणीची गाठ कुणी मारली तुझ्या?"
"मीच. दातानं."
"मग!"

गिऱ्हाइकं बघायला लागली.
"नाड्या लांब ठेव. पुढं आणून दातात धरतो मी.
सन्मती उठायच्या आत माझी गाठ बसलेली असती.
तू एक दुपार केलंस, दिलशाद,
मी चैतापासनं करालोय."

मग आवाज खाली आणून,
"खिसा तेवढा दे. डाव्या अंगाला. खोल."
"पैशाला?"
"ह्याला."
पिशवी उचलावी तसा तिनं
उजव्या हातानं डावा हात उचलून दाखवला.
"कुठंबी जातोय. दोनदा तव्याला लागला.
मला कळलंच न्हाई. वासानं कळलं."

सन्मतीचं उलथनं थांबलं.
त्यालाही माहीत नव्हतं.
डोसा एका कडेनं काळा पडत गेला.

टेप गळ्यातच होती.
मनगटापासून मधल्या बोटापर्यंत साडेसहा इंच.
पंजा सव्वातीन.
हात गार, लोण्यानं निसरडा,
मी धरला तेव्हा तो माझ्याकडं बघतच नव्हता.
तीस वर्षं गळे, बाह्या, कंबरा मापल्या,
पंजाचं माप पहिल्यांदा वहीत लिहिलं.

आता कातरतेय.
नाड्या एकेक मीटर. झालर नाही.
खिसा आठ इंच खोल, तोंड तिरपं,
आतून फ्लॅनेल, नातवाच्या दुपट्यातनं उरलेलं.

बटणाचं तेवढं ठरत नाही.
लावलं तर हात निसटायचा नाही.
पण एखाद्या सकाळी त्याला
आपणहून बाहेर यावंसं वाटलं तर?

बटणांचा डबा उघडाच आहे.
विटकरी दोऱ्याचं रीळ संपत आलंय,
उद्या आणायला हवं.